दोमलांचा कपॅसिटर आणि मुकर्रम खालांचा चहा

मीरसोबित दोमला ताश्कंदच्या तंत्रशाळेत वीज शिकवत. नुसती वीज नव्हे, विजेचं व्होल्टेज चढवणं आणि उतरवणं, म्हणजे कन्व्हर्टर. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि उरलेलं अर्धं ‘दोमला’ म्हणजे गुरुजी म्हणून त्यांना रस्त्यात छातीवर हात ठेवून सलाम करत होतं. पण थंडी पडली की जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीतली वीज संध्याकाळी जायची. पलीकडच्या गल्लीत लखलखाट, चिनारांच्या पलीकडे लखलखाट, आणि विजेच्या दोमलांच्या दारात मात्र लोक चपला चाचपत असत.

एवढ्यावर दोमलांचं काही बिघडलं नसतं. अंधारात ते छान विचार करत. पण त्यांची एकुलती एक मुलगी सुरायो हिला पलीकडच्या मोहल्ल्यातला एलयोर आवडला होता. एलयोर गुराढोरांचा डॉक्टर, मुलगा सोन्यासारखा. पण त्याची आई, सगळ्यांच्या मुकर्रम खाला, म्हणजे मावशी. या बाईंनी मुलासाठी बघितलेली घरं मोजायला कुणी बसत नसे. एका घरून त्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं म्हणून परतल्या होत्या. दुसऱ्या घरी खिमा भरून वाफवलेल्या मांती चांगल्या होत्या, पण त्या घरच्या मांजराची नजर त्यांना पटली नव्हती. आणि दोमलांकडे त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा नेमकी वीज गेली. खालांचा पाय रबरी बुटांच्या ढिगात अडकला, त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि अतिशय सौम्य आवाजात म्हणाल्या, “हेच ना ते विजेच्या दोमलांचं घर?”

हे वाक्य सकाळपर्यंत भट्टीतल्या नानांबरोबर घरोघरी पोचलं.

आता खाला दुसऱ्यांदा येणार होत्या, येत्या गुरुवारी संध्याकाळी. दुसऱ्यांदा येतात ते शेवटचं. मनासारखं झालं तर नान मोडायची आणि सोयरीक पक्की. नाही झालं तर चहाबद्दल आभार मानून निघायचं, आणि पुढल्या आठवड्यात एलयोरला आणखी कुणाच्या तरी घरासमोरून फिरवून आणायचं. सुरायोनं जेवण अर्ध्यावर आणलं होतं. ती बापाला एवढंच म्हणाली, “बाबा, बाकी सगळं मी आणि आई बघतो. तुम्ही फक्त दिव्याचं बघा.”

“अहो, बाजारातून एक तयार चिनी दिवा आणा की,” त्यांची बायको ओयदिन म्हणाली. “समोरच्यांनी आणलाय. बटण दाबलं की लागतो.”

दोमलांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसायला लागले की घरातली माणसं कामाला लागत, कारण पुढे व्याख्यान असे. “कन्व्हर्टरच्या विभागातल्या दोमलानं बाजारातून दिवा आणायचा? उद्या तू माझ्यासाठी विकतचा पुलाव आणशील.”

“एखाद दिवशी आणीनही,” ओयदिन म्हणाली.

साहित्य आपणच चालून आलं. शेजारचे इनोयतभाई पूर्वी ट्रॉलीबस चालवत. शहरातल्या ट्रॉलीबस बंद झाल्या तेव्हा सगळे ड्रायव्हर आठवण म्हणून काही ना काही घेऊन गेले. कुणी घंटी नेली, कुणी आरसा. इनोयतभाईंनी आतल्या दिव्यांचं अख्खं खोकं आणलं. दिवे चोवीस व्होल्टचे, आणि दोमलांच्या गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. बारावरून चोवीसवर चढवायचं. दोमलांचे डोळे चमकले. इतकी वर्षं फळ्यावर चढवत आले होते, आता घरात चढवणार होते.

“पण हे चढतं कसं?” ओयदिननं विचारलं. तिला माहिती नको होती, पण तिचे हात कणकेत होते आणि पळायला जागा नव्हती.

दोमलांनी चहादाणी उचलली. “हे बघ. ही बॅटरी. हा प्याला म्हणजे कपॅसिटर. आणि दिवा म्हणजे पिणारा पाहुणा. मध्ये एक खटका आहे, तो म्हणजे ओतणारा. तो सेकंदाला हजारो वेळा थोडं थोडं ओततो. पाहुणा मात्र सारखा घोट घेत असतो. ओतलं की प्याल्यात चहा जरा चढतो, प्यायला की जरा उतरतो. त्या चहाची पातळी म्हणजे कपॅसिटरचं व्होल्टेज. आपल्याला बघायचंय ती पातळी किती आणि हलते किती.”

ओयदिननं मान डोलावली. हे तिला समजलं, कारण यात विजेचं काही नव्हतंच. पाहुण्याला अर्धा प्याला द्यायचा, संपत आला की पुन्हा अर्धा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. जितका मान मोठा तितका घोट लहान, म्हणजे यजमानाला पुन्हापुन्हा उठून ओतायला मिळतं. काठोकाठ भरलेला प्याला हातात आला की समजायचं, पिऊन निघा म्हणताहेत.

मग दोमला विश्लेषणाला बसले. दोन संध्याकाळी बैठकीतलं बुटकं टेबल त्यांच्या ताब्यात होतं. बाकीच्यांनी जमिनीवर बसून जेवायचं. खटका मिटलेला असताना कपॅसिटर एकटा दिव्याला पोसतो, तेवढ्यात त्याचं व्होल्टेज किती पडेल? खटका उघडला की किती भरून येईल? दोन्ही बाजू जुळवल्या तेव्हा उत्तर आलं. चोवीसवर थोडीशी लहर, व्होल्टच्या पाचव्या हिश्शाएवढी. दोमलांनी त्या उत्तराखाली रेघ मारली, पुन्हा एक मारली, आणि बायकोला बोलावून रेघा दाखवल्या. ओयदिन त्यांच्यासाठी चहा घेऊनच आली होती. प्याला काठोकाठ भरलेला होता. दोमलांनी तो न बघताच पिऊन टाकला.

गणित चोख होतं, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. दोमलांच्या विद्येत फक्त एक भोक होतं आणि ते ऑक्टोबर महिन्याएवढं होतं. त्यांच्या शिकण्याच्या काळी शरद आला की अख्खी तंत्रशाळा कापूस वेचायला शेतात जाई. पुढे ते दोमला झाले तेव्हाही पोरं शेतातच, फक्त आता हे बांधावर उभे राहून पोती मोजत. म्हणजे ऑक्टोबरमधला धडा ना त्यांनी कधी शिकला, ना शिकवला. पुढे ती कापूसवेचणी बंद झाली, तरी दोमला सवयीनं सप्टेंबरच्या धड्यावरून थेट नोव्हेंबरच्या धड्यावर उडी मारत. परीक्षेतही तो प्रश्न कधी येत नसे, कारण प्रश्न काढणारेही शेतातच असत.

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती आणि सल्लागार जमू लागले होते. इनोयतभाई रोज यायचे. “कपॅसिटर जरा मोठा घ्या, दोमला. ट्रॉलीबसमध्ये सगळं मोठं असायचं.” समोरच्या हबीबा आपा म्हणाल्या, बॅटरी घरात ठेवू नका, दूध नासतं. त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं की खटका जपानी हवा आणि तार जर्मन. तो स्वतः भोपळ्याच्या बिया विकायचा. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर सगळ्यांना चहा द्यावा लागे. ओयदिन म्हणाली, “मुलीचं लग्न ठरायच्या आत माझी चहापत्ती संपणार.”

त्यातच कुणीतरी मोहल्ल्याच्या कचेरीत जाऊन सांगितलं की दोमला घरात वीज तयार करताहेत. अध्यक्षांनी बोलावलं. अध्यक्ष भला माणूस होता, दोमलांचाच विद्यार्थी, दोनदा नापास झालेला.

“दोमला, वीज तयार करायची तर परवानगी लागते.”

“मी तयार करत नाही. मी फक्त चढवतो.”

“चढवता म्हणजे? वरच्या मजल्यावर?”

“बारावरून चोवीसवर.”

अध्यक्षांनी बराच वेळ विचार केला आणि त्यांना वीजकचेरीत पाठवलं. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना दोन प्रश्न विचारले. तुम्ही वीज बनवणारे की वापरणारे? दोमला म्हणाले, दोन्ही नाही. बाई म्हणाल्या, मग आमच्या लेखी तुम्ही नाहीच. दोमलांनी खिडकीच्या काचेवर बोटानं आकृती काढून दाखवली. मागे रांग होती. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “लिहा हो बाई काहीतरी, माझा पुलाव गॅसवर करपतोय.” शेवटी बाईंनी विचारलं, त्यात काही वर चढतं ना? चढतं, दोमला म्हणाले. मग बाईंनी ‘पाण्याचा पंप’ असं लिहून शिक्का मारला. दोमला घरी आले ते मान खाली घालून. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि सरकारदरबारी त्याची नोंद पंपवाला म्हणून झाली होती.

“असू दे,” सुरायो म्हणाली. “पंपवाल्याच्या मुलींचीही लग्नं होतात.” हे म्हणताना ती हसली नाही.

रविवारी ते यांगीओबादच्या जुन्या बाजारात गेले. तिथे पथाऱ्यांवर सगळं मिळतं. पदकं, नळ, कबुतरं, कुणाच्या तरी आजीचे दात. एका पथारीवर त्यांना हवा तसा कपॅसिटर दिसला. जुन्या काळचा, अंगठ्याहून जाड, ॲल्युमिनियमचा. त्यावर पन्नास व्होल्ट लिहिलेलं होतं. आपल्याला लागणार चोवीस. म्हणजे दुपटीहून जास्त सोय.

“लष्करी माल आहे,” विक्रेता म्हणाला. “हा फुटत नाही. आपण फुटू, हा नाही.”

दोमलांनी तो रुमालात गुंडाळून, बाळाला आणावं तसा बसमधून आणला.

खरी पंचाईत त्यानंतर होती. दोमलांनी तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न आयुष्यात फक्त दुसऱ्याच्या हातात बघितलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी जेवणाच्या चादरीला भोक पाडलं. ती चादर ओयदिनला माहेरून आलेली होती, तेव्हा त्या रात्री जेवणात मुळा आणि शांतता एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी अंगठा भाजला. तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं, सुरू केलं, आणि शेजारच्या घरातला रेडिओ कोकलायला लागला. दोमलांनी काही उलटं जोडलं आहे की काय म्हणून सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं, हातून सांडलेले स्क्रू सुरायोनं गालिच्यावर रांगून शोधले. आणि बुधवारी दुपारी, पडदे लावून, पुन्हा सुरू केलं तेव्हा ट्रॉलीबसचे तीन दिवे एकदम लागले.

पिवळा, मऊ, ओळखीचा उजेड. इनोयतभाई दारात उभे होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “असं वाटतं की आता कुणीतरी ‘पुढचा थांबा’ म्हणेल,” ते म्हणाले. अर्धी गल्ली आत येऊन छताकडे बघून गेली. हबीबा आपांनी तर आपलं दूधही आणून बघितलं, नासलं नाही.

दोमलांनी कपॅसिटरवर मीटर लावला. चोवीस. लहरही कागदावर होती तेवढीच. ते मीटरसमोर मांडी घालून किती तरी वेळ बसून राहिले. फार सुखात होते ते. आपण शिकवलेलं खरं होतं, हे माणसाला म्हातारपणी कळावं याहून मोठं समाधान नाही, असं ते बायकोला म्हणाले. ओयदिन म्हणाली, “ते सगळं उचलून कपाटावर ठेवा, मला इथे चादर घालायचीय. भोक ताटाखाली येईल अशी.” तर ते सगळं कपाटावर गेलं, जाळीच्या रुमालामागे; दिव्यांचं बटण तेवढं भिंतीवर राहिलं. कपाटाच्या खाली सुरायोची बसायची जागा होती.

गुरुवारी संध्याकाळी वीज वेळेवर गेली. पलीकडच्या गल्लीत लखलखाट, आणि या गल्लीत फक्त एक घर उजळलेलं. मुकर्रम खाला आणि त्यांच्या जाऊबाई दाराशी आल्या, बुटांच्या ढिगाजवळ थांबल्या. ढीग स्पष्ट दिसत होता. खालांनी तो नीट ओलांडला आणि आत आल्या.

सगळं कसं छान चाललं होतं. नान, सुकामेवा, डाळिंब, ओयदिनच्या समोशांना जाऊबाईंनी तीनदा मान डोलावली. जाऊबाई एरवी बोलत नसत, मानेनंच सगळं सांगत. सुरायो चहा ओतत होती. अगदी थोडा, प्याल्याच्या तळाशी दोन घोट, तोही डावा हात छातीवर ठेवून. खालांनी घोट घेतला की सुरायोचा हात चहादाणीकडे जाई. खाला ते बघत होत्या. मग त्यांनी वर दिव्यांकडे बघितलं.

“दिवे सुरेख आहेत, दोमला. घरी केलेत म्हणे?”

झालं. आता दोमलांना आवरणं कुणाच्या हातात होतं? बॅटरी, खटका, चोवीस, व्होल्टचा पाचवा हिस्सा, सगळं सांगून झालं. ओयदिन डोळे वटारत होती, पण दोमलांनी चष्मा पुसायला काढलेला असल्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. खालांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातलं त्यांना जे कळायचं ते कळलं. बॅटरी गाडीची आहे. बॅटरी उतरते. उद्या सकाळी या बिचाऱ्या माणसाची गाडी चालू होणार नाही, आणि कारण काय, तर आपण.

आता खाला कशाही असल्या, तरी पाहुणा म्हणून कुणावर भार टाकणाऱ्या नव्हत्या. “इतका उजेड कशाला हो आमच्यासाठी?” त्या म्हणाल्या. “चेहरे बघून झाले, मुलगी बघून झाली. ती मेणबत्ती आहे ना, पुरे तेवढी.” ओयदिननं आपल्या नवऱ्याला ओळखून एक मेणबत्ती कोपऱ्यात लावूनच ठेवली होती. खाला उठल्या आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी भिंतीवरचं दिव्यांचं बटण बंद केलं.

दिवे गेले. कपाटावरचा खटका मात्र चालूच होता.

दोमला अंधुक उजेडात हसत बसले होते. पण त्यांच्या मनात काहीतरी टोचायला लागलं. पाहुणा प्यायचा थांबला. ओतणारा ओततोय. मग प्याल्यातली पातळी... याबद्दल कुठेतरी एक धडा आहे. ‘भार नसताना कपॅसिटरचं व्होल्टेज.’ कधी असतो तो? त्यांना एकदम कापसाचं शेत दिसलं, उन्हात तापलेली पोती दिसली. ऑक्टोबर, ते मनात म्हणाले, आणि त्यांनी कपाटाकडे बघितलं.

कपाटावरून फुस्स असा आवाज आला. चहा उकळायला लागतो तसा.

“सुरायो, इकडे ये,” दोमला म्हणाले, पण आवाज फुटला नाही. फुटला तो कपॅसिटर.

लष्करी मालच तो. ॲल्युमिनियमची टोपी छताला लागून, खाली नानेवर आपटून पुलावाच्या ताटात पडली. जाऊबाईंनी मान हलवायची थांबवली. आणि मग, मेणबत्तीच्या उजेडात, वरून सावकाश कपॅसिटरमधल्या पांढऱ्या कागदाच्या चिंध्या गळू लागल्या. हलक्या, मऊ, कापसाच्या बोंडासारख्या. सुरायोच्या केसांवर पडल्या, खालांच्या रुमालावर पडल्या, एक तरंगत येऊन बरोबर खालांच्या प्याल्यात उतरली. इतक्या वर्षांनी तो ऑक्टोबरचा कापूस दोमलांच्या घरी पोचला होता.

दोमलांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, पण गालिचा जागचा हलेना. खालांनी प्याल्यातली चिंधी दोन बोटांनी उचलून बशीत ठेवली आणि विचारलं, “हे कशानं झालं?”

आता सांगायचं काय? खरं सांगावं तर बटण खालांनी बंद केलं. पाहुण्यावर खापर फोडायचं? त्यापेक्षा मुलगी घरी राहिलेली बरी. आणि नाही सांगावं तर विजेचे दोमला आपल्याच घरात स्फोट करतात, हे वाक्य उद्या नानांबरोबर घरोघरी जाणार. “चूक माझी आहे,” ते कसेबसे म्हणाले. “एक धडा राहून गेला होता.”

सुरायोनं केसांतल्या चिंध्या झाडल्या नाहीत. तिनं चहादाणी उचलली. “खाला, बाबा म्हणतात तो कपॅसिटर म्हणजे एक प्याला आहे. दिवा प्यायचा, वरून ओतलं जायचं. पाहुण्यानं पिणं थांबवलं, पण आमच्या या यंत्राला थांबायचं कुणी शिकवलंच नव्हतं. ते ओतत राहिलं. प्याला भरला तरी ओतत राहिलं.”

“पाहुणा पुरे म्हणाला तरी?”

“पुरे म्हणाला तरी.”

“शेवटी फुटेपर्यंत?”

“हो,” सुरायो म्हणाली.

खाला हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग प्याला हिंदकळला, मग त्यांनी रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, जाऊबाईंनीही नाही, त्या घाबरून बघत होत्या. “इतकी घरं बघितली मी,” खाला म्हणाल्या. “कुठे तिसरा प्याला मागायला लाज वाटली, कुठे दुसराच काठोकाठ भरून आला. फुटेपर्यंत ओतणारं घर आज बघितलं.” मग त्यांनी सुरायोच्या केसांतली एक पांढरी चिंधी काढून बघितली. “आणि लग्नात पोरीच्या डोक्यावर उधळायचं, ते यांनी आजच उधळून टाकलं. आता काय बाकी राहिलं? ओयदिन, ती नान इकडे द्या.”

ओयदिननं नान पुढे केली. टोपी लागून तिची एक कड दबली होती. खालांनी एका बाजूनं धरली, दोमलांनी दुसऱ्या, आणि मोडली. दोमलांच्या वाट्याला नखाएवढा तुकडा आला. तो त्यांनी डोळ्यांना लावून खाल्ला. त्याला जळकट वास होता.

लग्न वसंतात झालं, जर्दाळू फुलले होते तेव्हा. सुरायो पलीकडच्या मोहल्ल्यात गेली, लखलखाटाच्या गल्लीत. दोमला आता पहिल्याच तासाला तो ऑक्टोबरचा धडा शिकवतात आणि पोरांना उदाहरण म्हणून बायको, मुलगी आणि विहीणबाई देतात. घरचा कन्व्हर्टरही त्यांनी नवा केला. त्यात एक बारका दिवा जास्तीचा आहे, बटणाशिवायचा. बाकीचे दिवे बंद केले तरी तो चालूच राहतो, म्हणजे कपॅसिटरला पिणारं कुणीतरी असतं. तो त्यांनी सुरायोच्या खोलीत लावला.

“रिकाम्या खोलीत दिवा कशाला?” ओयदिननं पहिल्या संध्याकाळी विचारलं.

“पिणारं कुणी नसलं की चढतं,” दोमला म्हणाले. “ते मग सोसत नाही.”

खोलीच्या दारातून ओयदिननं त्या दिव्याकडे बघितलं, सुरायोची उशी उगीचच सारखी केली. मग आत जाऊन चहा घेऊन आली, नवऱ्याशेजारी बसली आणि त्यांच्यासाठी प्याला भरला. दोमलांनी हातात घेऊन बघितलं. तळाशी दोनच घोट होते.